मेहेरबानी की हक्क?

कामगाराला सुखसोय दिली की कारखाना बुडतो, हा भ्रम आहे. अमेरिकेतील फोर्ड मोटार कारखान्यात १९१३ साली इतकी माणसे काम सोडून जात की, वर्षाची भरती मूळ संख्येच्या तिपटीहून अधिक होई. १९१४ च्या जानेवारीत पाळी नऊ तासांवरून आठांवर आली, रोज पाच डॉलर ठरले. गळती घटली, नफा वाढला. परंतु त्या पाच डॉलरांसाठी कंपनीचे निरीक्षक कामगाराच्या घरात शिरून राहणी तपासत! याला हक्क कोण म्हणेल? डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना १९४६ साली बारमाही कारखान्यांचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला, तो कायद्याने. बंधुभगिनींनो, नोकरीत सवलत मिळाली तर ती लेखी नियमात आहे की साहेबाच्या मर्जीवर, हे आधी विचारा.