बॉयलरच्या पाण्याचा हिशेब कोणाच्या हाती?

पेण तालुक्याच्या खारेपाटात बांध एकाएकी फुटत नाही. आधी खेकडा बांधात बीळ करतो, बिळातून पाणी झिरपू लागते आणि उधाणाच्या एखाद्या रात्री तेथेच खांड पडून भाताची शेते खाऱ्या पाण्याखाली जातात. हे ओळखूनच जुन्या शेतकऱ्यांनी जोळाची पद्धत पाडली होती. ज्यांची शेते बांधाआड, त्यांनीच मिळून बांधावर नजर ठेवायची आणि वेळीच डागडुजी करायची. ज्याचे बुडणार त्याच्याच हाती राखण, असा तो साधा न्याय होता. कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये मात्र या न्यायाला अद्याप प्रवेश मिळालेला नाही.

एक टन भात भरडला की सुमारे २०० किलो तूस निघते. तूस, उसाचे चिपाड, लाकडाचा भुसा यांवर वाफ आणि वीज निर्माण करण्याला आज ‘हरित ऊर्जा’ म्हणून मान मिळतो. पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखाने चिपाडावर वीज निर्माण करून ती विकतात. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीसारख्या ठिकाणी तर रासायनिक उद्योगाचे पान वाफेवाचून हलत नाही. या इंधनाचा भाव काय, राख कोठे टाकावी, धूर किती, यांवर चर्चा होते. बॉयलरमध्ये जाणाऱ्या पाण्याविषयी मात्र कोणी बोलत नाही. आणि कामगाराच्या जिवाशी संबंध आहे तो नेमका या पाण्याचा.

साध्या पाण्यात हवेतील प्राणवायू विरघळलेला असतो. आपल्याकडील उन्हाळी तापमानात तो लिटरमागे सुमारे साडेसात मिलिग्रॅम भरतो. माशाला जगवणारा हाच प्राणवायू तापलेल्या पोलादाचा वैरी ठरतो. तो नळी सर्वत्र सारखी झिजवीत नाही; एखाद्या ठिपक्याएवढ्या जागी खड्डा पाडून आतआत शिरतो. बाकीची नळी धडधाकट दिसते आणि खड्डा आरपार जातो. खेकड्याच्या बिळाचीच ही पोलादी आवृत्ती होय. म्हणून बॉयलरला जाणारे पाणी आधी डीएरेटरमध्ये वाफेने तापवून त्यातील वायू काढून टाकतात आणि उरलेला अंश रसायनाने मारतात. उच्च दाबाच्या बॉयलरसाठी सर्वसाधारणपणे मान्य असलेली मर्यादा लिटरला ७ मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे साध्या पाण्यातील प्राणवायूचा जेमतेम हजारावा भाग.

एवढी सूक्ष्म गोष्ट मोजायची कशी, येथे खरा प्रश्न सुरू होतो. पाण्याचा क्षार वा कठीणपणा बाटली भरून पनवेलच्या किंवा मुंबईच्या प्रयोगशाळेत तपासता येतो. प्राणवायूचे तसे नाही. नमुन्याला हवेचा स्पर्श झाला की बाहेरचा प्राणवायू त्यात शिरतो आणि आकडा खोटा ठरतो. नमुना धातूच्या नळीतून, थंड करून, हवा न लागू देता वाहता ठेवावा लागतो आणि जागच्या जागी तपासावा लागतो. रंग जुळवून पाहण्याची चाचणी काही मिनिटांत होते. कायम बसवलेले यंत्रही असते. परंतु यंत्राचीही वेळोवेळी पारख करावी लागते आणि त्याचा आकडा वाचून पंप, झडप वा रसायन यांत बदल करणारा जाणता माणूस प्रत्येक पाळीत हजर लागतो.

येथेच नफ्याचे गणित आडवे येते. जाणता माणूस म्हणजे कायम नोकरी, प्रशिक्षण आणि पगार. त्यापेक्षा कंत्राटी हात स्वस्त पडतात. मग पाण्याची तपासणी रसायने पुरवणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीवर सोपवली जाते. तो महिन्यातून एकदा येतो आणि त्याचा धंदा रसायन खपवण्याचा असतो. डीएरेटर नीट चालत नसेल तर अधिक रसायन ओतणे हा त्याच्या सोयीचा उपाय. साध्या सोडियम सल्फाइटचे मान प्राणवायूच्या एका भागास आठ भाग असे आहे. ते वाढवले की पाण्यात क्षार साठतात, अधिक गरम पाणी बाहेर सोडावे लागते आणि त्याबरोबर इंधनही वाया जाते. हायड्राझिन वापरले तर ते विषारी द्रव्य हाताळण्याची पाळी पुन्हा कामगारावरच येते.

प्रत्येक खड्ड्यातून स्फोट होतो असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. बहुधा नळी गळते आणि बॉयलर बंद पडतो. परंतु त्याचीही किंमत कोण मोजतो? साखर कारखान्यात गाळप थांबले की तोडलेला ऊस शेतकऱ्याच्या माथी वाळतो. रोजंदारीवरच्या मजुराचा रोज बुडतो. आणि नळी फुटलीच, तर समोर उभा असतो तो फायरमन. मोजमापाचा खर्च मालकाच्या वहीत आज लिहावा लागतो. न मोजल्याचा खर्च उद्या दुसऱ्याच्या घरी लिहिला जातो. अर्थशास्त्राच्या भाषेत याला खर्च बाहेर ढकलणे म्हणतात. साध्या मराठीत ती लबाडी आहे.

कायद्याचा इतिहासही बोलका आहे. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलरच्या स्फोटात माणसे मेली, तेव्हा १८६४ चा बंगालचा कायदा आला. पुढे १९२३ चा अधिनियम देशभर लागू झाला. २००७ च्या दुरुस्तीने सरकारी निरीक्षकाशेजारी खासगी तपासणी संस्थांना वाट मिळाली. २०२५ च्या नव्या बॉयलर अधिनियमात उद्योगसुलभतेच्या नावाने सातपैकी तीन गुन्हे केवळ दंडाचे झाले. जीवितहानीशी संबंधित चार गुन्ह्यांना फौजदारी शिक्षा राहिली, हे मान्य केले पाहिजे. परंतु शिक्षा अपघातानंतरची. खड्डा तर रोज पडत असतो. वर्षातून एकदा होणाऱ्या तपासणीला रोजचा आकडा दिसत नाही.

म्हणून धाटावसारख्या वसाहतींतील युनियनच्या कार्यकर्त्यांनी वेतनवाढीच्या मागणीपत्रातच चार कलमे घालावीत. प्रत्येक पाळीत प्राणवायूची नोंद व्हावी. ती वही कामगार प्रतिनिधींना पाहता यावी. पाणी तपासणारा माणूस कायम सेवेतील आणि प्रशिक्षित असावा. आकडा मर्यादेबाहेर राहिला तर बॉयलर थांबवण्याची मागणी करणाऱ्यावर कारवाई होऊ नये. लहान कारखान्यांना हा भार पेलत नाही ही सबब पुढे येईल. त्यांच्यासाठी वसाहतीने मिळून फिरता तपासनीस ठेवावा.

भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रियांची माहिती मिळण्याचा कामगारांचा हक्क मान्य झाला. हजारो मृत्यूंची किंमत देऊन मिळालेले ते तत्त्व पाण्याच्या वहीपर्यंत नेणे हे संघटनेचे काम आहे. बांधाआडच्या शेतकऱ्याने बिळाकडे पाहण्यासाठी कोणाची परवानगी मागितली नव्हती. बॉयलरसमोर उभ्या असलेल्या कामगारालाही ती मागावी लागू नये.