पाणी अडवा, हिशेब जिरवा

नगर जिल्हा पुण्यवान हाय. पारनेर तालुक्यात राळेगण सिद्धी, नगर तालुक्यात हिवरे बाजार. देशभरातनं गाड्या येतात, बंधारे बघतात, फोटो काढतात, चहा पिऊन जातात. आमच्या जामखेड तालुक्यात मात्र दसरा झाला की कोयते बांधून माणसं ऊस तोडायला जातात. परत आली की उन्हाळ्यात संस्था येते. टिकाव देते, टोपी देते, झाड देते, भाषण देते. एकच गोष्ट देत नाही. हिशेब.

हिशेब मागितला की हे लोक असे बघतात, जसे आपण गाभाऱ्यात चपला घालून शिरलो. वर म्हणतात, 'पाण्याच्या पवित्र कामात राजकारण आणू नका.' पाण्यात राजकारण नव्हतं तर १९२७ साली महाडला आपल्या माणसांच्या पाठीवर काठ्या कशाच्या पडल्या? पाणी शिवण्याचा हिशेब आपण तेव्हाच मागितला. आता अडवण्याचा मागतोय.

आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण घ्या. अण्णा हजारेंनी मंत्र्यांवर भ्रष्टाचाराचे आरोप केले, मंत्र्यांनी अण्णांच्या ट्रस्टवर केले. सरकारनं २००३ साली न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा आयोग नेमला. २००५ च्या फेब्रुवारीत अहवाल आला. मंत्र्यांवर ठपका आलाच, पण हिंद स्वराज ट्रस्टवरही आला. अण्णांच्या वाढदिवसाच्या सोहळ्यावर ट्रस्टचे २ लाख २० हजार रुपये खर्च झाले. आयोगानं त्याला बेकायदा आणि भ्रष्ट व्यवहार म्हटलं. ट्रस्टची ११ एकर जमीन धर्मादाय आयुक्ताची परवानगी न घेता जिल्हा परिषदेसाठी काढून दिली. ४६,३७४ रुपये देवळाच्या दुरुस्तीवर घातले, आन् ट्रस्टचा एक उद्देश काय, तर धर्मनिरपेक्ष शिक्षण!

भक्त म्हणतील, रक्कम किरकोळ हाय. एका उद्योगपतीनं पुढं तेवढ्याहून जास्त देणगी दिली. अण्णांनी स्वतःचं घर बांधलं नाही. मान्य. राळेगणला पाणी वर आलं, तेही मान्य. पण साधेपणा म्हंजे ऑडिट नव्हे. धोतर पांढरं असलं म्हणून वही आपोआप पांढरी होत नाही. माणूस मोठा झाला की त्याचा वाढदिवस गावाचा सण होतो आन् सणाचा खर्च कुणी विचारत नाही. आपल्याला नडते ती ही भक्ती. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत राजकारणातल्या भक्तीबद्दल इशारा दिला होता. समाजकार्यातल्या भक्तीलाही तोच इशारा लागू हाय.

आता वही कशी असते ते बघू. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली संस्थेनं दरवर्षी ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च पत्रक ऑडिट करून धर्मादाय कार्यालयात द्यायचं असतं. त्या पत्रकात ट्रस्टच्या उद्देशांवरचा खर्च पाच कप्प्यांत टाकतात: धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय, गरिबांना मदत, आणि इतर. पर्यावरण कुठं बसतं? 'इतर'मध्ये. रोप इतर, जीप इतर, शिबिरातलं जेवण इतर, पाहुण्याची शाल इतर. एका ओळीत सगळं रान झाकतं. म्हणून नुसतं 'ऑडिट झालंय' ऐकून घरी यायचं नाही. त्या ओळीची फोड मागायची. किती रोपं, कुठल्या गटात, तिसऱ्या उन्हाळ्यात किती जगली. लावलेलं झाड फोटोत असतं, जगलेलं झाड रानात असतं.

पैसा कुठनं येतो? २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्यातला दोन टक्के हिस्सा समाजासाठी काढावा लागतो. आम्ही साच्यावर उभं राहून जो नफा काढतो, त्यातनंच हे दोन टक्के निघतात. दात्याचं नाव बोर्डावर, घाम मात्र बिननावाचा. तेव्हा हिशेब मागणं म्हंजे भीक मागणं नव्हे. मालकानं मालकीचं विचारणं हाय.

पण दोस्तांनो, ऑडिटरच्या वहीत जे येतच नाही ते जास्त महाग हाय. गिरणीत मस्टर असतं. कोण आलं, किती तास राबलं, लिहिलेलं असतं. श्रमदानाचं मस्टर कुठं? ज्याची विहीर बंधाऱ्याखाली हाय त्यानं एक दिवस टिकाव मारला तर पुढची दहा वर्षं त्याच्या मोटरीला पाणी. ज्याला गुंठाभर रान नाही त्यानंही टिकाव मारला. त्याला काय? टोपी. भूमिहीनाचं श्रमदान म्हंजे वेठबिगारीला घातलेली खादी.

राळेगणची पंचसूत्री आठवा. त्यात कुऱ्हाडबंदी हाय, चराईबंदी हाय. कुऱ्हाड कुणाची? सरपण आणणाऱ्या बाईची. शेळी कुणाची? जिला रान नाही तिची. बागायतदाराच्या उसावर बंदी त्या पाचांत नाही. गायरानाचंही तेच. आपल्या लोकांनी गायरान कसलं, १९९१ साली सरकारनं १४ एप्रिल १९९० पर्यंतची दलितांची अतिक्रमणं कायम करायचा निर्णय काढला. सातबारा करायला किती जणांना तलाठ्यापुढं म्हातारं व्हावं लागलं? आता त्याच गायरानाला तार मारून कुणी रोपं लावली तर ते अतिक्रमण नाही, ती हिरवाई!

'पाण्यासाठी गाव एक झालं,' असं अहवालात छापतात. जामखेडवाल्यांनो, हे वाक्य आपण जपून वाचायचं. २८ एप्रिल २०१४ ला याच तालुक्यात, खर्ड्यात, आपल्या सतरा वर्षांच्या पोराला मारून झाडाला टांगलं. २०१७ ला आरोपी निर्दोष सुटले. त्या दिवसापासनं आपल्याला झाड नुसतं झाड दिसत नाही. गाव एक झालं म्हणणाऱ्यानं आधी सांगावं, गावात आम्हाला धरलंय का?

एक सावधगिरी. परदेशी देणगीचा कायदा २०२० साली आवळला गेला. हिशेबाच्या नावानं सरकार नको त्या संस्थेचा गळा दाबू शकतं. सरकारची स्वतःची वही तरी कुठं कोरी हाय? जलयुक्त शिवारवर ९,६३३ कोटी गेले आणि २०२० साली कॅगनं सांगितलं की भूजल वाढायला त्याचा फारसा उपयोग दिसला नाही. तपासलेल्या जिल्ह्यांत आपला नगर होता. ज्या कॅगला बाबासाहेबांनी संविधानातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटलं, त्याचं हे म्हणणं. बाबासाहेब रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणारे अर्थशास्त्रज्ञ होते. त्यांच्या लेकरांना ताळेबंदाची भीती वाटते, ही लाजेची गोष्ट हाय.

म्हणून कामाला लागा. तालुक्यात काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेचा नोंदणी नंबर काढा. नगरच्या धर्मादाय कार्यालयातनं तीन वर्षांची पत्रकं काढा. सरकारच्या भरीव पैशावर चालणारी संस्था माहिती अधिकारात येते, हे सुप्रीम कोर्टानं २०१९ साली सांगितलंय. तसा अर्ज टाका. ग्रामसभेत उभं राहून चार प्रश्न विचारा: पैसा किती आला? कुणाच्या सहीनं गेला? पाणी कुणाच्या विहिरीत उतरलं? विश्वस्तांत भूमिहीन किती, बाया किती, आपले किती?

आणि हे विचारायच्या आधी आपल्या जयंतीच्या वर्गणीचा हिशेब विहाराच्या भिंतीवर लावा. रुपयान् रुपया. डीजेचा आकडासुद्धा. ज्याची वही उघडी त्याचंच बोट दुसऱ्याच्या वहीवर टेकतं.

ज्यांना राग येईल त्यांनी शिव्या पाठवू नयेत. पावत्या पाठवाव्यात. आम्ही छापू.

जय भीम.