आदिवासींसोबत चार दिवस, तीन रात्री

बर्डीवर गेलं की हल्ली मला एक खोड लागली आहे. ट्रॅव्हल्सवाल्यांच्या दुकानांबाहेर उभं राहून बोर्ड वाचायचे. अष्टविनायक, चारधाम, काश्मीर, बँकॉक-पटाया ही नेहमीची मंडळी असतातच. पण त्यांच्यात आता एक नवा पाहुणा आलाय. डोंगरउतारावरची हिरवीगार भातखाचरं, पुढे इरलं घेतलेली एक बाई (तोंड कॅमेऱ्याकडे, हसू जरा जास्तच) आणि वर ठळक अक्षरांत ‘आदिवासींसोबत चार दिवस, तीन रात्री. जेवण, गाइड, लोकनृत्य समाविष्ट’.

‘समाविष्ट’ हा शब्द मला फार आवडतो. टोलनाका समाविष्ट, मिनरल वॉटर समाविष्ट, आदिवासी समाविष्ट.

हा माल मी स्वतः विकत घेऊन पाहिला आहे, म्हणून लिहितोय. मागच्या जुलैत आम्ही दोघं असल्याच एका सहलीला गेलो. विदर्भ एक्स्प्रेसने भल्या पहाटे इगतपुरीला उतरलो, तिथून जीपने घोटीवरून भंडारदऱ्याकडे. (नागपूरकरांसाठी खुलासा: हा अकोले तालुका, जिल्हा अहिल्यानगर. आपलं अकोला नव्हे. आमच्या शेजाऱ्यांनी आम्हाला अकोल्याला उन्हाळी कपडे न्यायला सांगितलं होतं!) बरोबर मुंबई-पुण्याची बारा माणसं आणि एक गाइड. मुलगा चांगला होता, मेहनती होता. त्याच्यावर माझा राग नाही, हे आधीच सांगून टाकतो.

निसर्गाबद्दल काय बोलावं? सह्याद्रीत पावसाळ्यात तोंड वेडंवाकडं करायलाही जागा नसते, इतकं सगळं सुंदर असतं. कळसूबाईचं शिखर चार दिवसांत एकदाच ढगातून बाहेर आलं. उतारावर एकाखाली एक खाचरं, वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात, खालच्यातलं त्याच्या खालच्यात. आमच्याकडे भंडारा-गोंदियात धानाच्या बांध्या सपाट पसरलेल्या असतात, त्या पाहत वाढलेल्या माणसाला ही पायऱ्यांची शेती पाहून खरंच थांबावंसं वाटतं.

पण थांबायचं किती, हे कार्यक्रमपत्रिकेत ठरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ‘भातलावणीचा अनुभव’ होता. आम्हा चौदा जणांना एका खाचरात उतरवलं. प्रत्येकाच्या हातात रोपांची एकेक जुडी. वीस मिनिटं हसणं, खिदळणं, घसरून पडणं, फोटो. मीही काढला, खोटं कशाला बोलू? मग आम्ही पाय धुऊन चहाला गेलो. माझी टोपी बांधावर राहिली म्हणून परत आलो, तर दोन बायका आम्ही लावलेलं एकेक रोप उपटून पुन्हा लावत होत्या. आम्ही कुठे फार खोल दाबलं होतं, कुठे नुसतंच पाण्यावर ठेवलं होतं, कुठे एका जागी मूठभर. मला पाहून त्यातली एक म्हणाली, “राहू द्या दादा, होतंय.” आवणीच्या दिवसांत एकेक तास मोलाचा असतो, हे कोणत्याही धानवाल्याला विचारा. राब भाजून तयार केलेल्या रोपांचं वय उलटून चाललेलं असतं, पाऊस कधी दडी मारेल याचा नेम नसतो. त्यात आमचा वीस मिनिटांचा आनंद निस्तरायला त्यांचा दीड तास गेला. या दीड तासाचे पैसे मिळतात का, असं मी विचारलं. ती हसली. खाचराचे मिळतात म्हणाली, थोडे. जेवणाचे ताटामागे मिळतात. किती, ते सांगितल्यावर मी मनातल्या मनात आमच्या माणशी अकरा हजारांशी भागाकार केला आणि गप्प बसलो.

आता तुम्ही म्हणाल, धंदा आहे, कंपनीला जीप, डिझेल, जाहिरात सगळं बघावं लागतं. मान्य. पैशांचं गणित हा तसा छोटा मुद्दा आहे. माझी खरी तक्रार त्या चार दिवसांत आम्हाला जे सांगितलं गेलं आणि जे सांगितलं गेलं नाही, त्याबद्दल आहे.

सांगितलं काय? ही साधी, भोळी माणसं. निसर्गाशी एकरूप. गरजा कमी, म्हणून सुखी. हे वाक्य मी चार दिवसांत निदान सहा वेळा ऐकलं आणि सहाही वेळा आमच्या ग्रुपमधलं कोणीतरी उसासा टाकून म्हणालं, “आपणच मूर्ख, शहरात सडतोय.” घरी परतताना मात्र एसीचं कन्फर्म तिकीट सगळ्यांकडे होतं.

आणि सांगितलं काय नाही? ज्या जलाशयाच्या काठावर आम्ही मक्याची कणसं खाल्ली, ते प्रवरेवरचं धरण १९२६ साली पुरं झालं. त्याचं पाणी खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडे उसाला जातं. वर, जिथे पाऊस कोसळतो त्या डोंगरातल्या वाड्यांत मे महिन्यात बायका हंडे घेऊन झऱ्याला जातात. सहल जुलैत असते, त्यामुळे हंडे दिसत नाहीत. मेअखेरीला याच भागात काजवे बघायला गाड्यांच्या रांगा लागतात, तेव्हा दिसायला हवेत. पण तेव्हा रात्र असते आणि सगळे झाडांकडे बघत असतात.

भात निघाला की इथली पुष्कळ माणसं घाट उतरून नारायणगावच्या बाजूला मजुरीला जातात, हेही सांगितलं गेलं नाही. ‘निसर्गाशी एकरूप’ माणूस टोमॅटोच्या मळ्यात रोजंदारी करतो, हे माहितीपत्रकात कसं छापणार?

याच तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे सावकार आणि इंग्रज दोघांविरुद्ध उठले होते. त्यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. म्हणजे १८५७ च्याही नऊ वर्षं आधी. ते महादेव कोळी, आम्ही ज्यांच्या ओसरीवर झोपलो तेही महादेव कोळी. भोळी माणसं! कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी काळभात, रायभोग असली गावठी वाणं जपून बियाण्यांची बँक उभी केली, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्याही याच तालुक्यातल्या, याच समाजातल्या. आमच्या जेवणात मात्र घोटीहून आणलेला बासमती होता. ‘गेस्टला मोकळा भात आवडतो’ म्हणून.

थोडक्यात, माणूस दाखवायचा, पण त्याचा इतिहास, त्याचं भांडण आणि त्याची अक्कल वगळून. जे उरतं ते इरलं आणि हसू.

ही खाचरं म्हणजे देखावा नाही हो. ती मजुरी आहे. एकेक बांध माती-दगड रचून उभा केलेला असतो आणि दर पावसाळ्यात कुठेतरी फुटतो, तो पुन्हा घालावा लागतो. फिलिपाइन्सच्या इफुगाओ प्रांतातली डोंगरावरची भातखाचरं युनेस्कोने १९९५ साली जागतिक वारशाच्या यादीत घातली. जगभरचे पर्यटक लोटले. आणि सहाच वर्षांत, २००१ मध्ये, तीच खाचरं ‘धोक्यातला वारसा’ म्हणून वेगळ्या यादीत टाकावी लागली. पोरं शेती सोडून बाहेर पडू लागली होती, खाचरं पडीक पडत होती, बांध ढासळत होते. त्या यादीतून बाहेर यायला २०१२ उजाडलं. म्हणजे फोटो काढणारे कितीही आले तरी बांध घालणारा लागतो, आणि त्याला बांध घालणं परवडावं लागतं.

आता मी जे सांगणार आहे त्यासाठी मला परत बर्डीवर यावं लागेल.

तिसऱ्या रात्री लोकनृत्य होतं. पाऊस होता म्हणून ओसरीतच. दिवसभर चिखलात राबून आलेली माणसं आमच्यासाठी नाचली. २०१२ साली अंदमानात जारवा बायकांना खाण्याचं आमिष दाखवून पर्यटकांसमोर नाचवल्याचा व्हिडिओ बाहेर आला, तेव्हा आपण सगळे केवढे संतापलो होतो. इथे तसं काही नव्हतं, आमिष-बिमिष नाही, रीतसर ठरलेलं मानधन. तरी मला बघवेना. मी आत चुलीपाशी जाऊन बसलो. घरधनीण भाकरी थापत होती. गाइड नव्हता, त्यामुळे चार दिवसांत पहिल्यांदाच आम्ही थेट बोललो.

कुठले म्हणाली. नागपूर म्हटलं.

“नागपूर? आमचे मालक गेलते ना नागपूरला. मोर्चात.”

“कधी?”

“थंडीत. अधिवेशन असतं ना तुमच्याकडं. दोन रात्री हुते. त्या स्टेडियमपाशी झोपले. लय थंडी म्हणले.” मग भाकरी उलटत सहज विचारलं, “तुमचं घर तिथून लांब आहे का?”

यशवंत स्टेडियम माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे.

तिने टोमणा मारला नव्हता. आपल्याकडे कोणी गावचा पाहुणा आला तर आपण विचारतो तसं विचारलं होतं. मी काहीतरी पुटपुटलो. तिने माझ्या ताटात भाकरी वाढली.

दर डिसेंबरात मोर्चे येतात. गडचिरोलीहून, मेळघाटातून, नंदुरबारहून, अकोल्याहून आणि अकोलेहूनही. आमचा त्यांच्याशी संबंध येतो तो वाहतूक वळवल्यापुरता. “आज बर्डीवर जाऊ नका, मोर्चा आहे” एवढंच वाक्य आम्ही एकमेकांना फोनवर सांगतो. मीही सांगितलेलं आहे. त्या दोन रात्रींतही सांगितलं असेल. ज्या माणसाच्या ओसरीवर झोपायला मी अकरा हजार मोजले, तोच माणूस माझ्या गावात फुटपाथवर झोपला तेव्हा मी चौक टाळून गेलो. त्याच्या गावात तो ‘अनुभव’ आणि माझ्या गावात तो अडथळा!

आणि बर्डीला तर हे विसरायची सोयच नाही. २३ नोव्हेंबर १९९४. गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनावर आला होता. आदिवासी म्हणून आपली नोंद व्हावी, एवढी मागणी. मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटजवळ तो अडवला गेला. सरकारातलं कोणीतरी येऊन भेटेल म्हणून लोक वाट पाहत राहिले. संध्याकाळी लाठ्या चालल्या, चेंगराचेंगरी झाली, ११४ माणसं मेली. त्यात बहुतेक बायका आणि पोरं. त्यांना काय हवं होतं? सरकारने यावं, बघावं, ऐकावं. पुढे नागपूर खंडपीठाने २०१८ साली त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. कायद्याच्या यादीत ते बसतात की नाही, याचा वाद मी इथे घालत नाही. पण ऐकून घ्या म्हणून आलेली ११४ माणसं मेली, यात वाद कसला?

त्या वेळचे आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड. त्यांनी राजीनामा दिला. ते राजूरचे, म्हणजे त्याच अकोले तालुक्यातले, आणि महादेव कोळीच. जाताना राजूरच्या बाजारात आमची जीप चहाला थांबली होती. गाइडने तिथले पेढे प्रसिद्ध असल्याचं सांगितलं. मला तरी तेव्हा हे कुठे आठवलं? नागपूरचा असून नाही आठवलं. परतल्यावर झिरो माइलजवळच्या गोवारी स्मारकावरून जाताना एकदम डोक्यात आलं. बर्डीवरचा उड्डाणपूलही त्यांच्याच नावाचा आहे. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात आणि रिक्षावाल्याला आपण नुसतं ‘पुलावरून घे’ म्हणतो. वास्तविक ज्या शहराचा पाया बख्तबुलंद शाह या गोंड राजाने घातला, त्या शहरातल्या लोकांना आदिवासी बघायला तिकीट काढून सातशे किलोमीटर जावं लागतं, हीच मुळात गंमत आहे.

तर मग जाऊच नये का? असं मी म्हणत नाही. पुरुषवाडीसारख्या गावांत पाहुणे घरात ठेवण्याचं काम गेली बरीच वर्षं चाललेलं आहे आणि त्यातून घराघरांत पैसा जातो, पोरांना गावात राहून काम मिळतं. तिथे गाइड गावचाच असतो. हा फरक लहान नाही. गावचा माणूस स्वतः बोलला की ‘साधी भोळी’ हे वाक्य आपोआप गळतं, कारण स्वतःबद्दल असं कोणी बोलत नाही. तो पाण्याबद्दल बोलेल, हिरड्याच्या भावाबद्दल बोलेल, वनखात्याला दोन शिव्या घालेल. ऐकायला कंटाळा येईल कदाचित. येऊ द्या. आवणीच्या दिवसांत खाचरात उतरायचंच असेल तर दिवसभर उतरा, शिकून उतरा, नाहीतर बांधावर उभे राहा. लोकनृत्य मागू नका. त्यांच्या सणाला त्यांनी बोलावलं तर जा. आणि जेवायला जो भात त्यांच्या घरात शिजतो, तोच खा.

मागच्या आठवड्यात मी त्या बर्डीच्या दुकानात शिरलो. गेलो होतो ती सहल यांची नव्हे, पण बोर्ड तसाच. काउंटरवर एक पोरगा होता, बावीस-तेवीसचा. त्याला म्हटलं, या चार दिवसांत लोकनृत्य काढून टाका आणि एक संध्याकाळ नुसती गप्पांना ठेवा, गावातल्या माणसांच्या अडचणी काय, ते त्यांच्याच तोंडून. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“पण सर,” तो म्हणाला, “मग लोक पैसे कशाचे देतील?”

मी त्याला विचारलं, तू कुठला? कुरखेड्याचा, म्हणाला. गडचिरोली. वडील गोंड, तिथेच धानाची शेती, तीन एकर. बोर्डावरची बाई कोण, ते त्याला माहीत नव्हतं. फोटो पुण्याहून आला होता.