कॉमा कुठे पडतो?

प्रोजेक्टच्या व्हायवाला एक्सटर्नल नॉर्मलायझेशन विचारतात, फ्लोचार्टचे बाण तपासतात. पण स्क्रीनवर १२३४५६७८ अशी आकड्यांची मालगाडी का उभी आहे, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न हाच हवा. प्रोग्रॅम वापरणारा माणूस आपला कोड वाचत नाही, तो आकडा वाचतो.

ऑफिसातले भाऊसाहेब १,२३,४५,६७८ बघितलं की एका दमात 'एक कोटी तेवीस लाख' म्हणतात. तेच १२,३४५,६७८ असं आलं की बोट ठेवून उजवीकडून एकं-दहं सुरू! पायथनमध्ये २००९ च्या ३.१ आवृत्तीपासून कॉमा टाकायची सोय आहे, पण तो दर तीन अंकांनी पडतो. लाख-कोटी त्याच्या गावी नाहीत. जावाच्या डेसिमलफॉरमॅटला '#,##,###' असा पॅटर्न दिला, तरी गडी शेवटच्या कॉमापासूनचं अंतर बघतो आणि तेच पुढे रेटतो. मग आपण "लँग्वेजला येत नाही सर" म्हणून मोकळे. साफ खोटं! सी च्या लोकेलमध्ये गटांचे आकार सांगायची जागा १९८९ च्या अ‍ॅन्सी प्रमाणापासून आहे: आधी तीन, मग दोन-दोन. लिनक्सवर भारतीय लोकेल लावा, प्रिंटएफमध्ये टक्क्याच्या चिन्हापुढे एक अ‍ॅपॉस्ट्रॉफी द्या, झालं. जावास्क्रिप्टच्या टूलोकेलस्ट्रिंगला मराठीचं लोकेल दिलं तर अंकसुद्धा देवनागरीत येतात.

आता याच्या उलटा प्रकार, आणि हा जास्त गंभीर. कॉमा फक्त दाखवण्यापुरता. काही हुशार मंडळी '१,२०,०००' असं कॉमासकट स्ट्रिंग म्हणून डेटाबेसमध्ये कोंबतात. पुढे त्यावर एटीओआय चालवलं की ते पहिल्या कॉमापाशी थांबतं आणि उत्तर देतं, १. स्कॉलरशिपच्या अर्जात वडिलांचं वार्षिक उत्पन्न एक रुपया! इथे हसू येतं. पण भरलेली फी एक रुपया दिसली, तर हॉलतिकिटासाठी खिडकीशी तासन् तास उभं राहणारा आपल्यातलाच कुणीतरी असेल, प्रोग्रॅम लिहिणारा नव्हे.

पैशांचंही तसंच. २.६७५ फ्लोटिंगमध्ये ठेवलं की आत ते किंचित कमी भरतं, म्हणून दोन दशांशांपर्यंत छापताना २.६८ ऐवजी २.६७ येतं. मेस बिलाचा हिशोब पूर्णांकात, पैशांमध्ये ठेवावा आणि छापताना तेवढे रुपये करावेत.

लॅबच्या सरांना एक विनंती. फिबोनाची दरवर्षी छापून झाली. पुढच्या टर्मला लाख-कोटीचे कॉमे टाकणारं फंक्शन स्वतः लिहायला लावा. शेवटचे तीन अंक बाजूला, उरलेल्यांच्या उजवीकडून जोड्या. सोपं वाटतं ना? टेस्ट करताना ऋण संख्या जरूर द्या. -१२३ चं '-,१२३' छापणारे वीर आमच्या विंगमध्येच चार निघतील.