यादी विकत घेऊ नका, आहे ती छोटी करा

दिवाळी जवळ आली की मला हमखास फोन येतो. "सर, हजारो ई-मेल आयडी स्वस्तात मिळतायत, घेऊ का?" माझं उत्तर दरवर्षी तेच: नको. फुकट मिळाले तरी नको.

का? त्या यादीतले कितीतरी पत्ते बंद पडलेले असतात, मेल परत येतात. जे चालू आहेत ती माणसं तुम्हाला ओळखत नाहीत, ती सरळ 'स्पॅम'चं बटण दाबतात. रोज ५,००० किंवा जास्त मेल जीमेलवर पाठवणाऱ्यांसाठी गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केलेत. तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांपर्यंत जाता कामा नये, शक्यतो ०.१ च्या खालीच हवं. म्हणजे हजार मेलमागे तीन माणसं चिडली, की संपलं! तुम्ही कमी पाठवत असाल, तरी तक्रारींनी डोमेनची पत घसरतेच. आणि खरं नुकसान पुढे आहे. त्याच डोमेनवरून जाणारं तुमच्या जुन्या, पैसे देणाऱ्या गिऱ्हाईकाचं बिलसुद्धा मग स्पॅममध्ये जाऊन पडतं.

तांत्रिक भाग एकदाच करायचाय. @जीमेल.कॉमच्या पत्त्यावरून घाऊक मेल पाठवू नका, स्वतःचं डोमेन घ्या. जिथून घेतलंत त्यांच्याकडून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी करून घ्या. मग स्वतःच्याच जीमेलवर एक मेल पाठवा, कॉम्प्युटरवर उघडा आणि तीन टिंबांच्या मेनूत 'शो ओरिजिनल' बघा. तिन्हींपुढे 'पास' दिसलं पाहिजे.

'अनसबस्क्राइब' बारीक अक्षरात लपवणाऱ्यांचं मला नवल वाटतं. अहो, ज्याला जायचंय त्याला दार सापडलं नाही, तर तो स्पॅमच दाबणार ना! मोठं लिहा. नाव दोन दिवसांत काढा.

वर्षभरात ज्यांनी काही घेतलं नाही, लिंकवर क्लिकही केलं नाही, त्यांना एकदा विचारा, "मेल चालू ठेवू का?" उत्तर नाही आलं तर काढून टाका. (मेल 'उघडला' या आकड्यावर फार विसंबू नका. २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमुळे न वाचलेला मेलही उघडलेला दिसू शकतो.) यादी अर्ध्यावर आली की पोटात गोळा येतो, मला माहितीये. तरी काढा.

या दिवाळीला पहिला मेल फक्त गेल्या सहा महिन्यांत खरेदी केलेल्यांना पाठवा. दोन दिवस थांबा, किती मेल परत आले ते बघा, आणि मगच बाकीच्यांना.