शिवप्रसादचा शवप्रसाद

"अरे, माझ्या बोटीचं मढं केलंस की!"

कफ परेडच्या मच्छीमार नगरात काका दारात जाळं शिवत बसले होते. हातात मी छापून दिलेली सोसायटीच्या बोटींची यादी. 'शिवप्रसाद'च्या जागी 'शवप्रसाद'. डिझेलच्या परताव्याच्या अर्जावर हे नाव गेलं असतं, तर नोंदणीच्या कागदाशी जुळलं नसतं.

चूक माझीच. यादी होती वर्डमध्ये, पण युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात. अशा फाइलीच्या लेखी अक्षरं रोमनच. मराठी दिसते ती फॉन्टाच्या मुखवट्यामुळे. ती युनिकोडमध्ये आणायला मी दोन रात्री जागून कन्व्हर्टर लिहिला होता.

वर्डची डॉकएक्स फाइल म्हणजे खरं तर झिपचं गाठोडं. ते सोडलं की आत एक्सएमएल सापडतं आणि मजकूर तिथे तुकड्यातुकड्यांनी पडलेला असतो. कोणी मागाहून एखादं अक्षर घातलं, की वर्ड बहुतेकदा त्याचा वेगळा तुकडा करतं. आमच्या यादीत टाइप करणाऱ्याने मुळातच 'शवप्रसाद' केलं होतं. नंतर कुणा सज्जनाने पहिली वेलांटी घातली. जुन्या फॉन्टात ही वेलांटी दिसते तशीच, 'श'च्या आधी साठवतात. युनिकोडमध्ये ती 'श'नंतर येते. माझा कन्व्हर्टर एकेक तुकडा सुटा घेत होता. एका तुकड्यात नुसती वेलांटी, पुढे अक्षरच नाही. त्याने ती निमूट टाकून दिली.

आता मी एकाच फॉन्टाचे लागोपाठचे तुकडे आधी जोडतो, मग वेलांटी हलवतो. हे तासाभराचं काम. माझी तक्रार त्या निमूटपणाबद्दल आहे. जुने कागद युनिकोडमध्ये आणायची जी कामं मी पाहिली, तिथे विचारणा एकच: किती पानं, किती दिवसांत? कन्व्हर्टरला काय कळलं नाही, हे कोणी विचारत नाही. (फाइलीतली 'भाषा: मराठी' ही खूण गळली तर काही फॉन्टांत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे होतात. हे बोललं की मी कटकट्या ठरतो.)

ओडीएफ हे फाइलींचं खुलं स्वरूप 2006 साली आंतरराष्ट्रीय मानक झालं, डॉकएक्समागचं ओपन एक्सएमएल 2008 साली. तेव्हा आता फाइल कुठेही उघडते, असं सांगतात. उघडते खरी. पण आत मुखवटाच असेल तर मानक काय करणार?

डोल जाळ्याचं म्हावरं उतरलं की आमच्या बायका बोंबील, मांदेली, जवळा वेगळा करतात. ओळखीचं नसेल ते बाजूच्या पाटीत. कन्व्हर्टरलाही अशी पाटी हवी: न कळलेली ओळ मूळ रूपासकट तिथे पडावी, आणि मूळ फाइल कोणी पुसू नये. सरकारी कामात तर पाटी रिकामी झाल्याशिवाय बिल निघू नये.

माझ्या दुसऱ्या खेपेला पाटीत अकरा ओळी आल्या. काकांनी चष्मा लावून आठ सांगितल्या. उरलेल्या तीन ओळींच्या मालकांपैकी एकाने बोट कधीच विकली होती. त्याच्या म्हातारीला नाव विचारायला आम्ही दोघे मागच्या गल्लीत गेलो.