घरचा हिशेब घरी

स्वावलंबन हा शब्द आपण इतक्या वेळा फळ्यावर लिहितो की त्याचा अर्थ विचारावा असे सहसा कोणास वाटत नाही. आपले ताट आपण घासावे, आपली वही आपण शिवावी, दुसऱ्यापुढे हात पसरू नये, एवढे सांगितले म्हणजे शिक्षकाचे कर्तव्य संपते आणि एवढे ऐकले म्हणजे विद्यार्थ्यांचा पाठ संपतो. परंतु प्रौढ वयात माणसाला परावलंबी करणाऱ्या गोष्टी ताटवाटीच्या नसतात. घामाने मिळविलेला पैसा कोठे ठेवला आहे, घरातील दिवा आणि चूल कोणाच्या भरवशावर पेटते, दाराची कडी आतून लागली आहे की नाही, येथे त्याची खरी परीक्षा होते. या परीक्षेत आपल्या सीमाभागातील मराठी कुटुंबे एका विशिष्ट ठिकाणी अडखळतात, आणि तेथे त्यांना हात देण्याचे सामर्थ्य या शाळेच्या बाकांवर बसलेल्या मुलामुलींपाशी आहे, असे माझे मत आहे.

ते ठिकाण म्हणजे कागद होय. ठेवीची पावती इंग्रजीत, विजेचे बिल बहुधा कन्नडमध्ये, विम्याचा करार तर अशा इंग्रजीत की तो आम्हां पदवीधरांनाही दोनदा वाचावा लागतो. घरात आजी मराठी वाचते, वडील मराठी वाचतात. मग "सही कोठे करू, तेवढे सांगा" असे म्हणून टेबलापलीकडील गृहस्थावर सारा भार टाकला जातो. माझी मातृभाषा कोकणी. पैशाला आमच्या घरी 'दुडू' म्हणतात आणि बेळगावच्या बाजारातील कन्नड दुकानदार 'दुड्डु' म्हणतो. हे नाते प्रथम ध्यानात आले तेव्हा मला मोठी मौज वाटली. पावतीच्या मागील बारीक अक्षरांत मात्र असा शेजारधर्म आढळत नाही.

न वाचता ठेवलेल्या विश्वासाची किंमत काय पडते, हे निपाणीला कोणी शिकवावयास नको. जमीन शेतकऱ्याची, तंबाखू शेतकऱ्याचा, राबणूक त्याच्या घरच्यांची. परंतु माल एकदा व्यापाऱ्याच्या वखारीत गेला की वजन, प्रत, कपात आणि भाव हे सारे दुसऱ्याच्या वहीत लिहिले जाई. पैसे कधी मिळणार, हेही त्या वहीलाच ठाऊक! १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले ते तंबाखूच्या भावासाठी, आणि ६ एप्रिल रोजी झालेल्या गोळीबारात त्यांपैकी काहींना प्राण गमवावे लागले. वखारींत राबणाऱ्या स्त्रियाही त्याच काळात मजुरीसाठी संघटित झाल्या. त्यांच्यावर १९८२ मध्ये निघालेल्या माहितीपटाचे नाव 'तंबाकू चाकिला ऊब आली' असे आहे. या इतिहासात मला एक गोष्ट विशेष वाटते. शिवारात जो माणूस कोणाचाही मिंधा नव्हता, तो तराजूपाशी येताच मिंधा होत होता.

या दुखण्यावर एक औषध आपल्या शेजारीच फार पूर्वी योजले गेले होते. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि दुसऱ्याच वर्षी, १९०५ मध्ये, गदगजवळील कणगिनहाळ या खेड्यात सिद्धनगौडा सण्णरामनगौडा पाटील यांनी शेतकऱ्यांची सहकारी पतसंस्था स्थापन केली. सावकाराच्या व्याजातून सुटावयाचे तर आपलेच थेंब थेंब भांडवल एकत्र करावे आणि त्याचा हिशेब आपणच पाहावा, ही तिच्या मागची कल्पना. गाव लहान, कर्ज घेणारा कोण, तो फेडील की नाही, हे प्रत्येकास माहीत. सहकाराची खरी तिजोरी ती माहितीच होती.

आज आपल्या शहरांत आणि खेड्यांत पतसंस्थांच्या पाट्या गल्लोगल्ली दिसतात. त्यांतील पुष्कळ प्रामाणिकपणे चालविल्या जातात, हे प्रथम सांगितले पाहिजे. परंतु आपण त्यांचे सभासद म्हणून कसे वागतो? वार्षिक सभेचे निमंत्रण येते, त्यासोबत अहवाल येतो. सभेला आपण जातो ते चहा, चिवडा आणि भेटवस्तूसाठी. अहवालाचा उपयोग पुढे वह्यांना वेष्टण घालण्यासाठी होतो. थकबाकी किती, लेखापरीक्षकाने कोणता वर्ग दिला, संचालकांच्या नातलगांना कर्जे किती, हे प्रश्न विचारणे आपल्याला असभ्यपणाचे वाटते. व्याजाचा दर मात्र आपण सर्वांत आधी विचारतो!

विद्यार्थिमित्रांनो, येथे तुमचे अंकगणित कामास येते. ७२ या आकड्याला व्याजदराने भागले की किती वर्षांत रक्कम दुप्पट होईल ते स्थूलमानाने कळते. २०२३ मध्ये टपाल खात्याच्या किसान विकासपत्राचा दर ७.५ टक्के होता. भागाकार येतो ९.६ वर्षे, म्हणजे सुमारे ११५ महिने. आणि टपाल खात्याने जाहीर केलेली मुदतही ११५ महिन्यांचीच होती. आता कोणी तीन वर्षांत दामदुप्पट देतो म्हणाला, तर ७२ भागिले ३, म्हणजे वर्षाला २४ टक्के झाले. तो तुम्हांला २४ टक्के देणार, तर स्वतः किती टक्क्यांनी कोणास कर्ज देत असेल, आणि इतके महाग कर्ज घेणारा मनुष्य कोणत्या अडचणीत असेल, एवढा विचार घरात बोलून दाखवा.

दुसरी गोष्ट विम्याची. १९६० मध्ये केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाली आणि ठेवीदारांत मोठी घबराट उडाली. त्यानंतर १ जानेवारी १९६२ पासून बँकांतील ठेवींना विम्याचे संरक्षण मिळाले. प्रारंभी त्याची मर्यादा प्रत्येक ठेवीदारास १,५०० रुपये होती. २०२० च्या फेब्रुवारीपासून ती ५ लाख रुपये झाली. हे संरक्षण सहकारी बँकांनाही आहे. परंतु सहकारी पतसंस्थांना ते नाही. बँक आणि पतसंस्था यांच्या पाट्या, काउंटर, पासबुके इतकी सारखी असतात की हा भेद कित्येक सुशिक्षितांसही माहीत नसतो. निवृत्तीच्या वेळी मिळालेली सारी रक्कम एकाच पतसंस्थेत ठेवणाऱ्या वडीलधाऱ्यांना तो कोणीतरी समजावून सांगितला पाहिजे.

तरुणांचा मोह वेगळा. मोबाईलवर शेअर बाजाराचे सौदे करून महिन्याचा पगार दिवसात मिळवू पाहणारे वर्ग सोडून गेलेले आमचे काही विद्यार्थी मला रस्त्यात भेटतात आणि मोठ्या आत्मविश्वासाने बोलतात. सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शन यांचे व्यवहार करणाऱ्या दर १०० व्यक्तींपैकी ९३ जणांना तोटा झाला. ज्या खेळात ९३ गडी बाद होतात, त्याला गुंतवणूक हे नाव देणे मला तरी जड जाते.

आता चुलीकडे व दिव्याकडे वळू. विजेच्या बाबतीत आपल्याकडे २०२३ पासून 'गृहज्योती' योजनेने घरगुती ग्राहकांना ठरावीक मर्यादेत, फार तर २०० युनिटपर्यंत, वीज मोफत मिळाली. गरीब घरांना तिचा मोठा आधार झाला, यात शंका नाही. पण शून्य रकमेचे बिल कोणी वाचत नाही, हाही अनुभव आहे. मीटरचा आकडा महिन्याच्या पहिल्या तारखेस लिहून ठेवणारे घर मला दाखवा, मी त्या घरच्या मुलाचे सर्वांसमक्ष कौतुक करीन. छपरावरील सौर पत्र्यांसाठी २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारची योजना आली आणि २ किलोवॅटला ६०,००० व ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान ठरले. तेव्हापासून 'आम्ही विजेच्या बाबतीत स्वतंत्र झालो' असे सांगणारे लोक भेटू लागले. त्यांना एक गोष्ट सहसा विक्रेत्याने सांगितलेली नसते. सार्वजनिक तारांना जोडलेली साधी सौर यंत्रणा तारांतील वीज जाताच आपोआप बंद पडते. तारांवर काम करणाऱ्या कामगारास धक्का बसू नये म्हणून ती तशीच बनविलेली असते. सबब बॅटरी नसेल तर भर दुपारी लख्ख उन्हातही पंखा थांबतो. हा दोष नव्हे, पण घेण्यापूर्वी ठाऊक असावयास हवा.

याहून जुनी आणि मला अधिक आवडणारी वाट आंबोली घाटाच्या खाली दिसते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात झाराप येथे डॉ. प्रसाद देवधर यांच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने हजारो घरी गोबरगॅस संयंत्रे उभी केली. शेण आणि तितकेच पाणी कालवून टाकीत सोडावे; हवा न लागता ते कुजते, त्यातून निघणारा वायू चुलीत जळतो आणि उरलेली मळी शेतात जाते. चार-पाच जनावरांच्या शेणावर लहान कुटुंबाचा स्वयंपाक होतो. यात बिघाड झाला तर तो घरच्या बाईला कळतो, ही मला त्यातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. खानापूर, चंदगडकडील ज्या मुलांच्या गोठ्यात जनावरे आहेत त्यांनी सुट्टीत हा घाट उतरून हे पाहून यावे. ज्यांच्या घरी गोठाच राहिला नाही, त्यांना मात्र हा उपदेश करण्यात अर्थ नाही.

राहिला दाराचा प्रश्न. चांगले कुलूप, उजेड आणि शेजाऱ्याशी बोलणेचालणे यांवर मी सीसीटीव्हीपेक्षा अधिक विसंबतो. कॅमेरा बहुधा चोराची पाठ तेवढी दाखवितो. पण आजचा चोर दाराने येतोच कोठे? तो दूरध्वनीवर पोलिसाच्या आवाजात बोलतो, 'डिजिटल अटक' झाल्याचे सांगतो आणि भ्यालेल्या वृद्धाकडून खाते रिकामे करवितो. अशी अटक आपल्या कायद्यात नाही. फोन ठेवून द्यावा, आणि पैसे गेलेच असतील तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. आजोबांना हे दोनदा सांगा. एकदा सांगून भीती जात नाही.

आमच्या व्यवस्थापनापुढे म्हणून मी एक सूचना ठेवू इच्छितो. महिन्यातून एक तास कन्नडच्या, इंग्रजीच्या आणि गणिताच्या शिक्षकांनी एकत्र घ्यावा आणि त्या तासाला मुलांनी घरून एखादे बिल, एखादी पावती, एखाद्या संस्थेचा अहवाल आणावा. तुम्ही शाळेत कन्नड शिकता, इंग्रजी शिकता, घरी मराठी बोलता. तिन्ही भाषांच्या मध्ये उभे राहून आजीला तिचाच कागद वाचून दाखविणारा दुसरा कोण आहे? काही पालक म्हणतील की घरचे व्यवहार शाळेत उघडे कशाला करावयाचे. आक्षेप रास्त आहे. नावावर आणि रकमेवर कागदाची चिठ्ठी चिकटवून पावती पाठवावी. आम्हांला फक्त अटी वाचावयाच्या आहेत.